तात्यांचा चाकू, घिसाड्याची भट्टी आणि निर्मळकडचं पोलाद



सोयाबीन, तूर, बोंडअळी सोडून आज जरा वेगळं लिहायलोय. विषय खिशातल्या चाकूचा. वाचून कुणी म्हणेल, चाकूवर काय लिहायचं एवढं? मलाही मागच्या आषाढापर्यंत असंच वाटायचं.

आषाढातली रात्र. पाऊस बारीक चालू होता. गोठ्यातून धडपड ऐकू आली म्हणून बॅटरी घेऊन पळालो. आमची देवणी कालवड, दीड वर्षाची, दाव्यात पाय अडकून पडली होती. नायलॉनचं दावं, पिळा पडून मानेला आवळलेलं. जीभ बाहेर. गाठ सुटायचं नाव घेईना. खिशातून चाकू काढला आणि दाव्यावर घासला. चाकू नुसता घसरायला लागला. वरचे दोन-चार धागे तुटले, बाकी जसंच्या तसं. हात कापायला लागले. शेवटी घरची मंडळी विळा घेऊन धावत आली, तेव्हा दावं तुटलं. कालवड वाचली. मानेची कातडी सोलून निघाली, पंधरा दिवस हळद-लोणी लावलं.

त्या रात्री झोप लागली नाही. कारण तो चाकू साधासुधा नव्हता. तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा चाकू. पन्नास वर्षं त्यानं दावी कापली, कलमं बांधली, ऊस सोलला, कडब्याच्या पेंढीचे आळे तोडले. तो असा ऐनवेळी मुका कसा झाला?

उत्तर मला माहीत होतं, पण कबूल करायला जड जात होतं. आठ दिवस आधी मीच त्याला धार लावली होती. दगडावर नाही, हातातल्या ग्राइंडरवर. ठिणग्या उडाल्या, पातं चकचकीत झालं, कडेला मोरपिसासारखा निळा रंग आला. मला तो रंग लई आवडला होता. पहिल्या दिवशी चाकू वस्तऱ्यासारखा चालला. दोन दिवस पोत्यांची सुतळी कापली, ठिबकची नळी कापली, आणि तिसऱ्या दिवशी धार गायब. परत घासली, परत गेली.

बाजाराच्या दिवशी चाकू घेऊन लोहारमामाकडं गेलो. आपल्या भागात फिरणारं घिसाड्याचं कुटुंब आहे, दरवर्षी पेरणीआधी आणि सुगीच्या तोंडाला पाल टाकतात. मामानं पातं उन्हात धरलं, नखावर टेकवलं आणि म्हणाले,

"काय केलाव ओ ह्याला? पाणी उतरलंय सगळं."

"ग्राइंडर मारला, मामा."

"निळं झालं व्हतं का?"

"झालं होतं."

"मग झालं. मेलं की ते."

एवढंच बोलले. मी खाली मान घालून उभा.

आता ह्या चाकूची गोष्ट सांगतो. १९७२ च्या दुष्काळात तात्या खडी फोडायच्या कामावर जायचे. घरात खायला मिलो, ती लाल ज्वारी. कामावर सुतक्या-छन्न्या बोथट व्हायच्या, त्या शेवटून द्यायला घिसाडी तिथंच भट्टी लावून बसायचे. त्यातल्या एकाकडं झिजलेली, फेकायच्या लायकीची कानस होती. तात्यांनी दोन शेर मिलो देऊन तिचा चाकू करून घेतला. मिटायचा, बाभळीच्या मुठीचा. घरी आल्यावर आजी दोन शेरासाठी चार दिवस बोलली नाही, असं तात्या हसत सांगायचे. दोन शेर म्हणजे त्या वर्षी घराचं एका वेळचं जेवण होतं. आणि मी दहा मिनिटांत ते पातं जाळलं.

म्हणून मग बसलो आणि शोधलं. पोलाद म्हणजे नेमकं काय, पाणी देणं म्हणजे काय, आणि आपल्या भागातल्या लोहाराला हे कुठून कळलं. पुतण्या आयटीआयला टर्नर झालेला आहे, त्याला पिडलं. जे कळलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली गोष्ट. लोखंड आणि पोलाद ह्यात फरक पडतो तो कार्बनमुळं, आणि तो कार्बन भाकरीतल्या मिठाएवढा. आपण बांधकामाला वापरतो ती सळई किंवा वेल्डिंगवाल्याकडची साधी पट्टी, तिच्यात कार्बन शंभर भागात पाव भाग किंवा त्याहून कमी. तिला कितीही लाल करून पाण्यात बुडवा, म्हणावी तशी कडक होत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात अर्धा ते जवळपास पाऊण भाग, शिवाय सिलिकॉन, मँगेनीज असं काही मिसळलेलं. ते कडकही होतं आणि लवतंही. कानशीत एक भागाच्या पुढं, सव्वापर्यंत. ती फार कडक, म्हणून तर ती दुसऱ्या लोखंडाला खाते. पण जमिनीवर आपटली की काचेसारखी तुटते.

दुसरी गोष्ट. नुसता कार्बन असून भागत नाही, उष्णता जमावी लागते. पोलाद लाल तापलं की त्याच्या आतली रचना बदलते. तशा तापलेल्या अवस्थेत पटकन थंड केलं की आतला कार्बन जागच्या जागी अडकून बसतो आणि पातं कडक होतं. हेच आपलं 'पाणी देणं'. पण नुसतं पाणी दिलेलं पातं ठिसूळ असतं. म्हणून ते परत हलकं शेकायचं, दोनशे अंशाच्या आसपास, पात्यावर वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग येईपर्यंत. कडकपणा थोडा सोडायचा आणि चिवटपणा घ्यायचा. रंग पुढं सरकून तपकिरी, जांभळा आणि मग निळा झाला, तर समजायचं तीनशे अंशाच्या घरात गेलं. कमानीला किंवा स्प्रिंगला तेवढं चालतं. चाकूच्या धारेला नाही. धार मऊ पडते, दुमडते. माझा मोरपंखी रंग म्हणजे हाच.

बरं, हे शास्त्र पुस्तकात आलं फार उशिरा. आपल्या मातीत ते आधीपासून होतं, आणि ते फार लांब नव्हतं. इथून पुढं इतिहास, जरा सावकाश वाचा.

आपला लातूर-नांदेडचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात, नांदेडहून गोदावरीच्या कडेनं खाली गेलं की निर्मळ लागतं आणि नदीच्या दक्षिणेला कोनासमुद्रम नावाचं गाव. आज ते तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यात. ह्या गावात मुशीतलं पोलाद तयार व्हायचं. त्याला कानडी-तेलुगूत 'उक्कू' म्हणतात. आपल्या देवणी-उदगीर-निलंगा पट्ट्यात कानडी-तेलुगू बोलणारे सोयरे ज्यांचे आहेत, त्यांना हा शब्द नवा नसेल. युरोपात जाऊन ह्या उक्कूचं 'वूट्झ' झालं. आणि आपला 'पोलाद' हा शब्द फारसीतून आला. दोन्ही शब्द ह्या व्यापाराच्या वाटेवरचेच.

हेन्री व्हॉयसी नावाचा डॉक्टर आणि भूगर्भ जाणणारा माणूस इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम करायचा. १८२० च्या सुमारास त्यानं कोनासमुद्रमच्या भट्ट्या पाहिल्या. तो १८२४ ला वारला, पण त्याचं टिपण १८३२ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्यात पद्धत दिली आहे. दोन वेगवेगळ्या ठिकाणचं लोखंड ठरावीक प्रमाणात मिसळायचं, मातीच्या मुशीत घालून तोंड बंद करायचं, भात्यांनी चोवीस तासांच्या आसपास फुंकत ठेवायचं आणि मग सावकाश निवू द्यायचं. आत बैठ्या वडीसारखा पोलादाचा गोळा तयार. तो घ्यायला थेट इराणातून व्यापारी येऊन राहायचे. ज्यांना जग 'दमास्कसच्या तलवारी' म्हणतं, त्यातल्या कित्येक पात्यांचा गोळा दक्षिण हिंदुस्थानातून गेलेला होता. म्हणजे गोळा आपल्याकडचा आणि नाव दुसऱ्याच्या गावाचं. आपल्या मालाचं आजही काय वेगळं होतंय?

ह्या पोलादात कार्बन दीड भागाच्या आसपास. म्हणजे कानशीपेक्षाही जास्त. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसायची. ती नक्षी कशामुळं, ह्यावर शंभर-दीडशे वर्षं डोकी फुटली. १९९० च्या दशकात अमेरिकेतले व्हर्होवेन नावाचे प्राध्यापक आणि पेंड्रे नावाचे लोहार, दोघांनी मिळून तशी पाती करून दाखवली. त्यांचं म्हणणं असं, की खनिजातच व्हॅनेडियमसारख्या धातूंचा कणभर अंश असायचा, त्यामुळं कार्बनचे कडक कण ओळीनं बसायचे. म्हणजे अमुक खाणीचंच लोखंड पाहिजे असं जुने कारागीर म्हणायचे, ते उगाच नव्हतं. प्राध्यापकाला हे लोहाराच्या जोडीनंच उमगलं, हे मला आवडलं.

ह्या गोष्टीत आपली मुंबईपण आहे. हेलेनस स्कॉट नावाचा कंपनीचा डॉक्टर मुंबईत होता. त्यानं १७९४ च्या सुमारास ह्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स ह्यांना पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन ह्यांनी त्यावर निबंध वाचला. पुढं मायकल फॅरेडे आणि चाकू-वस्तरे करणारा जेम्स स्टोडार्ट ह्या जोडीनं १८१९ पासून दोन-तीन वर्षं ह्याच पोलादावर प्रयोग केले. हा फॅरेडे म्हणजे तोच, ज्याच्या १८३१ च्या शोधावर आज आपली विहिरीवरची मोटर चालते. त्याचा बाप लोहार होता.

पण युरोपातल्या लोहारांची एक तक्रार होती. हे पोलाद त्यांच्या भट्टीत घेतलं की घणाखाली भुगा व्हायचं. कारण ते त्यांच्या सवयीप्रमाणं पांढरंफेक तापवायचे. इतका कार्बन असलेलं पोलाद कमी आचेवर, लाल रंगातच, सावकाश ठोकावं लागतं. इथल्या माणसाला ते हातानं माहीत होतं. पोलाद तेच, हात बदलला आणि माती झाली. हे वाचताना मला माझा ग्राइंडर आठवला.

मग हे सगळं गेलं कुठं?

एक तर शेफिल्डला हंट्समन नावाच्या घड्याळजीनं १७४० च्या सुमारास मुशीत पोलाद वितळवायची आपली रीत बसवलीच होती. नंतर १८५६ साली बेसेमरनं वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून टनावारी पोलाद काढायची युक्ती जाहीर केली. चोवीस तास फुंकून दोन मुठीत मावेल एवढा गोळा एकीकडं, आणि अर्ध्या तासाच्या आत टनावारी पोलाद दुसरीकडं. गुणाची तुलना कुणी केली नाही, भावाची केली. आगगाडी आली, रूळ आले, कारखान्याची पट्टी-सळई खेड्यापर्यंत पोचली. आपल्या लातूरला १९११ साली बार्शी लाईट रेल्वे आली. १९१२ साली टाटांच्या साकची कारखान्यात, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद निघायला लागलं. खनिजापासून लोखंड काढणाऱ्या कारागिराची गरज संपली. जंगलाचा कोळसापण आटला. गाळणारा गेला, घडवणारा तेवढा राहिला.

घडवणाऱ्याकडंही पूर्वी पोलाद जपूनच वापरायचं असायचं. जुनी माणसं पोलादाला 'तिखं' म्हणायची. अख्खी कुऱ्हाड पोलादाची कुणाला परवडणार? अंग साध्या लोखंडाचं आणि फक्त धारेच्या जागी तिख्याची पट्टी तापवून ठोकून जोडलेली. 'कुऱ्हाडीला तिखं भर' म्हणजे हेच. अंग मऊ म्हणून घाव सोसायचं, धार कडक म्हणून कापायची. बलुत्यात लोहाराला खळ्यावर ज्वारी मिळायची ती ह्या कामाची. वखराची फास असो, नांगराचा फाळ असो, विळा-खुरपं असो, वर्षभर शेवटून द्यायचं.

मोटारी-ट्रक वाढले तसं लोहाराला नवं खनिज मिळालं, भंगार. तुटलेल्या कमानीचा पाटा, झिजलेली कानस, बेअरिंगची कडी. आज आपल्या भागात 'पाट्याचा कोयता' म्हटलं की गिऱ्हाईक डोळे झाकून घेतं, ते उगीच नाही. ऊसतोडीचा कोयता दिवसभर कांड्यावर आपटतो, त्याला कानशीचं पोलाद चालणार नाही, तुकडा उडेल. तिथं पाटाच पाहिजे. उलट कलमाच्या चाकूला आपटायचं नसतं, पातळ आणि तीक्ष्ण धार टिकायला पाहिजे, तिथं कानशीचं पोलाद राजा. घिसाड्याला कुणी टक्केवारी शिकवली नाही. त्यानं ठिणगी बघितली. चाकावर धरल्यावर साध्या लोखंडाची ठिणगी लांब आणि सरळ जाते, कार्बनवाल्याची टोकाला फुलबाजीसारखी फुटते. जितकं जास्त फुलतं, तितका कार्बन जास्त. पुतण्या म्हणतो, "काका, आम्हाला हेच वर्कशॉपात शिकवलं, फक्त सर इंग्रजीत सांगायचे."

आता स्टेनलेसचं. १९१३ साली शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीनं बंदुकीच्या नळीसाठी प्रयोग करताना जवळपास तेरा टक्के क्रोमियम घातलेलं पोलाद ओतलं आणि ते गंजेना. त्यानं त्याचे चाकू करायचं मनावर घेतलं, तर तिथले कारागीर त्याची टिंगल करायचे, न कापणारे चाकू शोधून काढणारा म्हणून. कारण त्या पहिल्या पोलादात कार्बन जेमतेम पाव टक्का होता आणि त्याला पाणी द्यायची रीत कुणाला नीट कळली नव्हती. पुढं रीत कळली, कार्बन वाढला, चांगली स्टेनलेस पोलादं आली. स्वित्झर्लंडचे ते लाल मुठीचे प्रसिद्ध खिशातले चाकू स्टेनलेसचेच, आणि ते मुद्दाम फार कडक ठेवत नाहीत. धार लवकर जाते पण कुणालाही साध्या दगडावर परत आणता येते, आणि घामानं गंजत नाही. फ्रान्समध्ये ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासून निघतो, शेतकऱ्यांच्या खिशातला म्हणूनच तो वाढला. ते आजही एकच चाकू दोन्ही पोलादांत विकतात, कार्बनचं आणि स्टेनलेसचं. म्हणजे एवढ्या वर्षांत त्यांनापण 'हेच बरं' असा निकाल लावता आला नाही. काम बघून घ्यायचं.

आपल्या बाजारात, जत्रेत पन्नास-शंभर रुपयांना जो चकचकीत चाकू मिळतो, तो बहुतेक कमी कार्बनचा. उजेडच्या गांधीबाबाच्या यात्रेत मी दोन घेतलेत आजवर. टोमॅटो कापायला ठीक. दाव्यावर त्याचा भरवसा नाही. चूक स्टेनलेसची नाही, त्यातल्या स्वस्तपणाची आहे.

आता परत आपल्या चाकूकडं.

मामा म्हणाले होते मेलं. पण दुसऱ्या बाजारी मी परत गेलो, पुतण्याला घेऊन. म्हटलं, मामा, काहीतरी करा, तात्यांचा हाय. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग मामींना म्हणाले, "भाता लाव."

मूठ काढली. भट्टीत लाकडी कोळसा. बुजगावण्यागत आम्ही दोघं उभे. मामांनी पातं आधी नुसतं तापवून राखेत पुरलं आणि निवू दिलं, म्हणजे अंगातला ताण जातो. मग ओल्या दगडावर जळकी कड घासून काढली. मग परत भट्टीत. पालावर गोणपाट ओढून सावली केली, कारण उन्हात लाल रंग फसवतो. पुतण्यानं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं होतं. त्याला वर्कशॉपात सांगितलेलं, पोलाद साधारण पावणेआठशे अंशाला पोचलं की चुंबक चिकटत नाही, त्याच्या किंचित पुढं गेलं की बुडवायचं. मामांनी पातं काढलं आणि म्हणाले, "आता बगा तुमचा चुंबक." चिकटला नाही. मामांनी चुंबक आयुष्यात हातात घेतला नव्हता. रंग बघून तीच वेळ सांगितली. मंडळी, माझ्या अंगावर काटा आला.

परत एकदा लालीवर आणून बुडवलं ते पाण्यात नाही, कोमट केलेल्या जळक्या इंजिन ऑइलमध्ये. म्हणाले, पातळ पातं पाण्यात घातलं तर तडकंल. काढल्यावर कानस लावून बघितली, घसरली. म्हणजे कडक झालं. मग एक जाड सळई तापवून तिच्यावर पात्याची पाठ टेकवली. घासून पांढऱ्या केलेल्या पात्यावर रंग सरकायला लागला. धारेपर्यंत गवताचा पिवळा पोचला न पोचला तोच उचलून तेलात.

"आता दगडावर लावा. आन मिशिन दावू नका ह्याला."

किती द्यायचे विचारलं. त्यांनी सांगितले ते एका दाव्याच्या किमतीएवढे. मी जास्त दिले तर मामी म्हणाल्या, ठरलं तेवढंच द्या, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्ही येनार न्हाई.

पातं करंगळीच्या पेरभर अरुंद झालंय. पण सबंध सोयाबीनची सुगी झाली, तुरीच्या पेंढ्या झाल्या. मी तीन चाकू मुद्दाम सोबत वापरले. तात्यांचा, पाट्याचा आणि जत्रेतला. जत्रेतला रोज संध्याकाळी दगड मागतो. पाट्याचा चार-पाच दिवसांनी. तात्यांचा बाजार ते बाजार चालतो, पण लाजरा आहे, कैरीचा चीक किंवा लिंबू लागलं की काळा पडतो आणि घामाच्या खिशात एका रात्रीत तांबूस होतो. ही माझ्या खिशातली नोंद, प्रयोगशाळेतली नाही. तुमचं पोलाद वेगळं असेल तर निकाल वेगळा येईल.

आता कामाच्या चार गोष्टी.

धार लावताना पातं बोटाला चटका बसण्याइतकं गरम होऊ देऊ नका. मशिनच वापरायचं तर जड हात नको, घडोघडी पाण्यात बुडवा. निळा रंग दिसला की समजा तेवढी धार गेली. ग्राइंडरच्या चकतीवर चाकू धरणं तसंही धोक्याचं, हातातून उडतो. कुरुंदाचा दगड सगळ्यात बरा.

कार्बनचा चाकू वापरला की पुसा आणि करडीच्या तेलाचं बोट फिरवा. काळपट डाग पडले तर घाबरू नका, ते एकसारखे पडले की तांबड्या गंजाला जरा अडवतातच. तांबडा गंज मात्र लगेच काढा.

डाळिंब, लिंबूवर्गीय बागेत छाटणी करताना झाडागणिक हत्यार निर्जंतुक करायचं असतं. तिथं हायपोक्लोराइटचं पाणी कार्बन पोलादाला खाऊन टाकतं. अशा कामाला चांगल्या प्रतीचं स्टेनलेसच घ्या, आणि काम झालं की तेही धुवा. कलमाला मात्र धार महत्त्वाची. बोथट चाकूनं काप चिरडतो, साल दबते, आणि कलम मेलं की आपण रोपवाटिकेला शिव्या देतो.

नायलॉनचं दावं असलेल्या प्रत्येक गोठ्यात एक धारेचा विळा खुंटीला टांगलेला पाहिजे. आमच्याकडं आता आहे. दावीपण परत अंबाडीची करायला घेतलीत.

शेवटचं. मामांची दोन पोरं. एक पुण्याकडं गाडीवर, एक गवंड्याच्या हाताखाली. "भट्टीवर कोण बसंल ओ आता? विळा तयार मिळतोय, सोयाबीन मशिनीनं निघायलंय," असं मामा म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. हार्वेस्टर मीपण लावतो. मजूर मिळत नाही, पावसाचा भरवसा नाही, लावावाच लागतो. पण कोनासमुद्रमच्या भट्ट्या विझल्या तेव्हा त्या कारागिरांचं काय झालं, हे त्या वेळच्या गावकऱ्यांनी बहुतेक विचारलं नसणार. स्वस्त पट्टी आली, सगळ्यांनी घेतली. त्यात त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. आपणही तेच करतोय.

मी एवढंच केलं. ह्या वर्षी घरातली सगळी हत्यारं, विळे-खुरपी-कुऱ्हाड, मामांकडूनच शेवटून घेतली. पुतण्या दोन बाजार त्यांच्याजवळ बसून रंग बघायला शिकला, वहीत लिहून घेतलं. खंडेनवमीला नांदेडला सचखंडात काय, आपल्या ओसरीत काय, हत्यार पुजायची रीत आहेच. औंदा ताटात तात्यांचा चाकू मधे ठेवला. आई म्हणाली, "दोन शेराचा हाय, नीट ठेव."

तुमच्या घरात असं जुनं पातं असेल तर फोटो टाका, कशाचं केलंय ते लिहा. आणि तुमच्या गावाला पाल टाकणारा लोहार अजून येत असेल, तर पुढच्या बाजारी एखादं खुरपं घेऊन जा.

राम राम.
शिरूर अनंतपाळ